लाल चौकट दिसली की

(नागपुरात, धरमपेठेतल्या एका वाचनालयात दुकानदार आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर कळमन्यातली, इतवारीतली ओळखीची मंडळी दिसताहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. विषय आहे, अँटीव्हायरसने धोक्याची लाल चौकट दाखवली तर काय करायचं.

मी बाजारातल्या दुकानांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहितो. लिलाव झाला, वजन टाकलं, भाव टाकला, हमाली-तोलाई टाकली की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, छापून शेतकऱ्याच्या हातात. एवढंच त्याचं काम. काही वर्षांपूर्वी आंबिया बहराच्या ऐन मोसमात सकाळी सात वाजता एका दिवाणजींचा फोन आला. "साहेब, प्रोग्राम गायब झाला. क्लिक केलं तर फाइलच नाही म्हणते." बाहेर संत्र्याच्या गाड्या लागलेल्या, काउंटरवर शेतकरी पट्टीसाठी उभे. आदल्या रात्री मी नवी आवृत्ती पाठवली होती आणि अँटीव्हायरसने तिला ट्रोजन, म्हणजे साळसूद वेषातला घातक प्रोग्राम, ठरवून उचलून नेलं होतं. मी म्हणालो, "अँटीव्हायरस बंद करून टाका." त्यांनी केला. पाच मिनिटांत पट्ट्या निघायला लागल्या.

तो परत चालू करा, हे मी सांगितलंच नाही. त्यांना ते सुचावं असं काही कारणही नव्हतं. दोनेक महिन्यांनी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून एक वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, त्या कॉम्प्युटरवर आला. सगळे फोल्डर लपले, त्यांच्या जागी शॉर्टकट. हिशेब परत मिळाला, पण दोन रात्री बसावं लागलं, आणि मोसमातल्या दोन दिवसांच्या पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. तो दोष माझा. पेन ड्राइव्ह कुणाचा होता, याला माझ्या लेखी महत्त्व नाही.

आता अँटीव्हायरस निरपराध प्रोग्रामला पकडतोच का, ते बघू. जुनी पद्धत सोपी होती. माहीत असलेल्या व्हायरसच्या तुकड्यांची यादी ठेवायची आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून बघायची. पण नवे व्हायरस इतके झाले, की यादी पुरेना. मग अंदाज आला. ही फाइल स्वतःला गुंडाळून, आवळून ठेवते का? दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत हात घालते का? कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठते का? ती कुणी बनवली हे सांगणारी डिजिटल सही हिच्यावर आहे का? जगात हिला आधी कुणी पाहिलंय का? या सगळ्याचे गुण मिळवून यंत्र ठरवतं, संशयित की नाही.

माझा प्रोग्राम या परीक्षेत कसा बसणार, सांगा. तो वीस-पंचवीस दुकानांत चालतो, म्हणजे जगाने त्याला पाहिलेलंच नाही. सही नव्हती. आकार लहान राहावा म्हणून मी तो यूपीएक्स नावाच्या साधनाने आवळला होता, आणि व्हायरस लिहिणारेही यूपीएक्स वापरतात. इथल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी पायथन भाषेत प्रोग्राम लिहून पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, केली असेल, तर त्यांनाही हा अनुभव आला असेल. पायइन्स्टॉलर प्रत्येक प्रोग्रामच्या पुढे स्वतःचा तोच तो सुरुवातीचा भाग जोडतो. कुणी चोराने त्यातून व्हायरस बांधला की तुमचा आणि त्याचा चेहरा अर्धा सारखा दिसतो.

शिवाय साधा हिशेब करा. समजा अँटीव्हायरस लाखात एकदाच चुकतो. एका कॉम्प्युटरवर दोनेक लाख फाइली सहज असतात. म्हणजे इतकं अचूक यंत्रसुद्धा प्रत्येक दुकानात दोन निरपराध पकडणार. प्रत्यक्षात ते याहून खूपच चांगलं काम करतात, आणि त्यामागे किती मेहनत असेल याची मला कल्पना येते.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही स्वतःची फाइल व्हायरस ठरवली. ती फाइल म्हणजे विंडोजचा कणा. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, नेटवर्क गेलं, आणि नेटवर्कच गेल्यामुळे दुरुस्तीचा अपडेटही पोचेना. सप्टेंबर 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीव्हायरसने गूगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा झेडबॉट म्हटलं. सप्टेंबर 2012 मध्ये सोफॉस या अँटीव्हायरसने तर स्वतःचाच अपडेट करणारा भाग पकडला.

एवढं ऐकल्यावर कुणाला वाटेल, म्हणजे ही लाल चौकट दुर्लक्ष करण्यासारखीच आहे. थांबा. 2017 मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या नावाजलेल्या प्रोग्रामची 5.33 ही आवृत्ती कंपनीच्याच वेबसाइटवरून, कंपनीच्याच खऱ्या डिजिटल सहीसकट लोकांनी उतरवून घेतली, आणि तिच्यात घातक कोड होता. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो तसाच वाटला गेला. म्हणजे "मी हा प्रोग्राम दहा वर्षं वापरतोय" हा पुरावा होत नाही. आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. फुकटातल्या क्रॅकसोबत, म्हणजे कुलूप तोडून वाटलेल्या प्रोग्रामसोबत, जी सूचना येते ना, "अँटीव्हायरस बंद करा, हा फॉल्स पॉझिटिव्ह (खोटा इशारा) आहे", तेच माझं त्या सकाळचं वाक्य होतं. दिवाणजींना माझ्यात आणि त्या चोरात फरक कसा कळावा? माझ्या आवाजावरून? मी त्यांना उद्याच्या चोराचं वाक्य आज शिकवून ठेवलं होतं.

म्हणून आधी काहीही दाबू नका. "डिलीट" नको आणि "अलाऊ"ही नको. क्वारंटाइनमध्ये गेलेली फाइल तिथे कोंडलेली असते, ती पळून जात नाही, कुणाला चावत नाही. कागद घ्या आणि अँटीव्हायरसने त्या धोक्याला दिलेलं नाव अक्षरन् अक्षर उतरवा. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटीव्हायरसमध्ये ते "प्रोटेक्शन हिस्टरी"त सापडतं. नाव बरंच काही बोलतं. त्यात "जेन" किंवा "ह्युर" असेल, शेवटी उद्गारचिन्ह आणि "एमएल" असेल, तर ते बहुतेक अंदाजाने पकडलेलं असतं; एमएल म्हणजे मशीन लर्निंग. "पीयूए" असेल तर व्हायरस नव्हे, नकोसा प्रोग्राम असं म्हणणं आहे. व्हायरसच्या एखाद्या ठरावीक घराण्याचं नाव असेल तर जास्त जपून.

मग फाइल खरोखर तीच आहे का, ते बघायचं. प्रत्येक फाइलला गणिताने काढलेला ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. एसएचए-256 चा हॅश 64 अक्षरांचा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा तो काढून देते. ज्याने प्रोग्राम बनवला त्याने ठसा जाहीर केलेला असेल तर दोन्ही ताडून बघा. कधी अँटीव्हायरस फाइलला हातच लावू देत नाही, ठसाही काढू देत नाही. तेव्हा निदान प्रॉपर्टीजमध्ये तिचा आकार बाइटपर्यंत वाचा. आकार जुळला म्हणून फाइल तीच असं नाही. पण आकार वेगळा असेल तर ती नक्कीच ती नव्हे.

यानंतर व्हायरसटोटल ही वेबसाइट. तिथे सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस एकाच फाइलवर मत देतात. पण मतं मोजताना भान ठेवा. त्यातले कित्येक दुसऱ्याचंच इंजिन भाड्याने घेतात, त्यामुळे पाच जणांनी तेच नाव उच्चारलं तर तो कदाचित एकाच घरातला आवाज असतो. शून्य आलं तरी निश्चिंत होऊ नका, अगदी ताजा व्हायरस सगळ्यांना चकवू शकतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा. आणि गिऱ्हाइकांच्या याद्या, हिशेब, आधारच्या प्रती असलेली फाइल तिथे कधीच चढवू नका. चढवलेल्या फाइली सुरक्षेचं काम करणाऱ्या इतरांनाही मिळतात. नुसता हॅश टाकून शोधता येतं.

खात्री पटली, तरच अँटीव्हायरसच्या तपासणीतून सूट द्या, आणि ती त्या एका फाइलला. मी दुकानांत अख्खा सी ड्राइव्ह सूट दिलेला पाहिलाय. डाउनलोड्सचं फोल्डर सूट दिलेलं पाहिलंय, म्हणजे जिथून चोर येतो तेच दार उघडं. सूट दिली की अँटीव्हायरसच्या कंपनीला फाइल पाठवा. बहुतेक सगळ्या कंपन्यांकडे त्यासाठी फॉर्म आहे, मायक्रोसॉफ्टकडेही आहे, आणि तो आम्ही प्रोग्रामवाल्यांनी आधी भरायला हवा, दिवाणजींनी नव्हे. मी आता यूपीएक्स सोडलं. सही घेतली. जून 2023 पासून सहीची गुप्त किल्ली खास सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे लहान माणसाला ते खर्चाचं आणि कटकटीचं आहे, हे मी नाकारत नाही. पण दर वेळी नवी आवृत्ती मोसमाच्या आधी पंधरा दिवस देतो, स्वतः तपासतो, तक्रारी आधीच निस्तरतो, आणि प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर फाइलचा आकार आणि हॅश छापलेला कागद चिकटवतो.

गेल्या मोसमात त्याच दिवाणजींचा पुन्हा फोन आला. पुन्हा सकाळ, पुन्हा मागे गाड्यांचा आवाज. "तुमच्या प्रोग्रामला पकडलं. नाव लिहून घेतलंय. हात नाही लावला." त्यांनी नाव वाचून दाखवलं, त्यात ठरावीक घराण्याचं नाव होतं. मी म्हटलं, आकार वाचा. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. माझी फाइल बारा लाख बाइटांच्या आत होती. त्यांची सत्तर हजारांनी मोठी निघाली.

"ही कुठून आली, दिवाणजी?"

शेजारच्या दुकानात नवी आवृत्ती लवकर पोचली होती, म्हणून मुलाने ती पेन ड्राइव्हवर आणली होती. शेजारच्या कॉम्प्युटरवर फाइलींना चिकटणारा व्हायरस बसलेला होता. त्या दिवशी अकरापर्यंत त्यांनी पट्ट्या हाताने लिहिल्या, आणि शेजारच्या दुकानात मी दुपारी जाऊन बसलो.