फॉर्मवरचा साठ आकडा

(दृश्य : पिवळा पडलेला छापील फॉर्म. एका चौकटीत हाताने लिहिलेला आकडा – ६०.)

अमेरिकेत नोकरीला लागलं की सुरुवातीलाच हातात एक कागद पडतो, डब्ल्यू-४. पगारातून कर किती कापायचा ते त्यावरून ठरतं. आपल्याकडे टीडीएस कापतात, तसंच. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तो चांगलाच ओळखीचा असतो.

पूर्वी या फॉर्मवर स्वतः, जोडीदार, मुलं असा हिशेब करून एक आकडा भरावा लागे. आकडा जितका मोठा, तितकी कपात कमी. १९८० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका वैमानिकाने तिथे साठ भरले. पुढच्या वर्षापासून तर ‘मला आयकर लागूच नाही’ असं लिहून दिलं. त्याचं नाव जॉन चीक.

चीक आयकर न मानणाऱ्या एका गटाच्या व्याख्यानांना जात असे. तिथे वकीलही बोलत. त्यांचा मुख्य मुद्दा असा : मी घाम गाळला, त्याची किंमत मला मिळाली. बरोबरीचा सौदा झाला. मग यात उत्पन्न कुठे आलं?

राबणाऱ्या माणसाला हे पटकन पटतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्याचं कलम ६१ उघडा. कोणत्याही मार्गाने आलेलं उत्पन्न, असं तिथे स्पष्ट म्हटलंय आणि कामाचा मोबदला यादीत सर्वांत आधी आहे. दुकानदार मालाची खरेदी-किंमत वजा करू शकतो. श्रमाची अशी खरेदी-किंमत हा कायदा धरत नाही. न्यायाधीशाने एवढं वाचलं की तिथेच युक्तिवाद संपतो.

दुसरा युक्तिवाद काना-मात्रा-वेलांटीचा. १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांवर वाटणी न करता आयकर लावायचा अधिकार अमेरिकी संसदेला मिळाला. आता राज्यांनी पाठवलेले मंजुरीचे कागद शेजारी शेजारी ठेवा.

(दृश्य : जुन्या ठरावांच्या प्रती. एकेका शब्दावर कॅमेरा थांबतो.)

इलिनॉयच्या ठरावात ‘गणना’च्या जागी ‘मोबदला’ असा अर्थ देणारा शब्द पडलाय. इंग्रजीत दोन्ही शब्द दिसायला जवळजवळ सारखे. वॉशिंग्टनने अनेकवचनाचं एकवचन केलंय. कुठे मोठ्या लिपीतलं अक्षर छोटं झालंय. म्हणे, मजकूर जुळत नाही, म्हणजे दुरुस्ती झालीच नाही! १९८६ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात हे सगळं मांडलं गेलं. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. चुका खऱ्या आहेत, पण त्या १९१३ सालीच परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांच्यासमोर होत्या. सगळं तपासून त्यांनी दुरुस्ती मंजूर झाल्याचं जाहीर केलं. राज्यांना काय मंजूर करायचं होतं याबद्दल शंकाच नव्हती.

‘आयकर ऐच्छिक आहे’ हा दावाही असाच एका शब्दाला धरून केलेला. १९६० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वेच्छेने’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता. त्याचा अर्थ एवढाच, की अधिकारी जप्तीला दारात येण्याआधी करदाता स्वतः हिशेब करून पैसे भरतो.

असे दावे इतके वाढले, की १९८४ मध्ये एका अपील न्यायालयाने लिहिलं : यांना गंभीरपणे, दाखले देऊन उत्तर देत बसलो तर त्यांत काही तथ्य आहे असं वाटेल. आज असं निराधार विवरणपत्र भरलं तर ५,००० डॉलर दंड होऊ शकतो. टॅक्स कोर्टात तेच रेटलं तर २५,००० पर्यंत. मला राग येतो तो व्याख्यानं विकणाऱ्यांचा. त्यांची फी आधीच खिशात गेलेली असते, दंड ऐकणाऱ्याच्या नावावर पडतो.

चीकवर कर टाळल्याचा फौजदारी खटला चालला आणि तो दोषी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये एका मुद्द्यावर तो चक्क जिंकला. पगार म्हणजे उत्पन्न नाही असं एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर ती समजूत कितीही अवास्तव असली तरी ज्युरीने ती विचारात घ्यावी, असं न्यायालय म्हणालं. कारण गुन्हा ठरायला जाणूनबुजून कर्तव्य टाळलेलं असावं लागतं. पण कायदाच घटनाबाह्य आहे, ही श्रद्धा कामाची नाही. असं म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला असतो, कर्तव्य त्याला ठाऊक असतं.

आणि न्यायालयाने आणखी एक गोष्ट लिहिली. चीकपुढे दोन वाटा मोकळ्या होत्या. कर भरायचा, परतावा मागायचा, नाकारला तर कोर्टात जायचं. किंवा कर न भरताच टॅक्स कोर्टात सरकारची मागणी तपासून घ्यायची. दोन्हीकडे त्याचा घटनेचा मुद्दा ऐकला गेला असता, तुरुंगाची भीती न बाळगता.

खटला पुन्हा चालला. नव्या ज्युरीने सगळं ऐकलं : व्याख्यानं, पगार, ते साठ. आणि चीकला दोषी ठरवलं.