बाबा रोज पळून जातो

(मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं छाटून.)

नमस्कार मंडळी. साडेपाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला म्हणून कमिटीने आत्ता माफी मागितली, पण खरं सांगतो, मी स्वतःच सहा वीसला आलोय, त्यामुळे कमिटीला बोलायला मला तोंड नाही.

मला विषय दिलाय, लांब पळण्यातून काय शिकलास. गेल्या महिन्यापर्यंत भाषण तयार होतं, शिस्त, सातत्य, पहाटे उठणं, सगळं. मग डिसेंबरात आम्ही कोकणात गुहागरला, आईकडे, गेलो आणि आमच्या कन्येने त्याची वाट लावली.

झालं असं की आई पडवीत अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसली होती, शेजारच्या काकू आल्या आणि मुलगा दिसत नाही तुमचा म्हणाल्या, तर आईच्या आधी आमची आठ वर्षांची पोर बोलली, "बाबा रोज सकाळी पळून जातो." काकू खो खो हसल्या. आई नाही हसली. तिने अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "तो मेला वीस वर्षांपूर्वीच पळालाय गो."

मी बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, उभा होतो, घामाने निथळत, हातात बूट. आत जाऊ की परत एक राउंड मारू कळेना.

आता पोरीला म्हणायचं होतं पळायला जातो. एका प्रत्ययाची चूक. पण चूक इतकी बरोबर निघाली की मी महिनाभर तीच चघळतोय.

माझ्या शहाणपणाचं सांगतो. हातात महागाचं घड्याळ, ठोके मोजतं, झोप मोजतं. पहिल्याच दिवशी अंधारात बूट बांधत होतो तर आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आज अष्टमी ना? सहाला भरती, पळशील कुठे?" मी म्हटलं बघतो गं. गेलो. पाणी बरंच वर चढलेलं, ओली घट्ट वाळू सगळी पाण्याखाली, वर उरलेली भुसभुशीत, पाऊल घोट्यापर्यंत आत. दोन किलोमीटरमध्ये पोटऱ्यांत गोळे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आठ पाऊणे सहा, हे मला चौथीत येत होतं हो. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी, तेव्हा असगोलीपर्यंत डांबरी रस्त्यासारखं पळता येतं. घड्याळाने यातलं काहीच सांगितलं नाही, संध्याकाळी फक्त सांगितलं की तुम्ही थकलेले दिसता.

आणि तो दमटपणा! मेलबर्नच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि उडून जातो, अंग गार होतं. तिकडे डिसेंबरातसुद्धा घाम नुसता ओघळतो, वाळतच नाही, मग अंग तापत जातं आणि वेग आपोआप खाली. दहा किलोमीटरला मला इथल्यापेक्षा बारा मिनिटं जास्त लागली. वाटेत जाळी निवडत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कोण लागलंय पाठी?"

मॅरेथॉनचं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचं, एक आहे, पहिले तीस किलोमीटर पाय पळतात. तिसाच्या पुढे शरीरातली साठवलेली साखर संपत येते आणि सुरुवातीला जो माजून पळाला त्याचा हिशोब तिथे होतो. माझा झाला, ऑक्टोबरात, सेंट किल्डाच्या बाजूला, कारण याच मंडळाचे एक सद्गृहस्थ (समोर बसलेत, हसतायत) पुढे दिसले आणि मला राहवलं नाही. शर्यत संपते त्या एमसीजीत, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानात, शिरलो तेव्हा मी चालत होतो. फोटोत पळताना दिसतोय, कारण कॅमेरा दिसला.

क्लिफ यंग इथे सगळ्यांना माहितीय. ६१ वर्षांचा बटाटे पिकवणारा शेतकरी, १९८३ मध्ये सिडनी ते मेलबर्न ८७५ किलोमीटरची शर्यत, बाकीचे रात्री झोपले आणि हा पाय घासत घासत चालूच राहिला, पाच दिवस पंधरा तासांत पहिला. गमबूट घालून मेंढ्यांमागे धावायची सवय. मी वर्षानुवर्षं तो किस्सा सांगतो. पण या वेळी आई झिजलेल्या स्लिपर घालून, गुडघा धरून, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून आगरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिंपणं करायला जाताना पाहिली, तशीच घासत, न थांबता, दिवसातून चार वेळा, आणि मला आधी क्लिफ यंग आठवला. आई समोर असताना. याची लाज वाटली.

मंडळी, आपलं सगळ्यांचंच थोडं असंय. गणपतीला ताटं कमी पडतात आणि मराठी शाळेत खुर्च्या उरतात. पोरांना वर्गात सोडून आपण पार्किंगमध्ये गाडीत बसून तिकडच्या निवडणुकीवर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतो, मी पण त्यातलाच. ग्रुपवर मेडलचे फोटो टाकतो, सगळे अंगठे देतात, माझ्या आईने तो फोटो बघून विचारलं, "हे विकलं तर काय येतं?"

आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मार्चमध्ये, चिपळूणला. इकडे चल म्हटलं तर म्हणते पोफळींना पाणी कोण लावील, मोहोर चांगला आलाय या वर्षी. यावरून घरात आमचं जोरात वाजलं, बायको म्हणाली तू जाऊन राहा तीन महिने, मी म्हटलं नोकरी, ती म्हणाली मॅरेथॉनच्या ट्रेनिंगला रोज दोन तास मिळतात ना. पोर ऐकत होती. "म्हणजे बाबा आता तिकडे पळून जाणार?" मी तिला दुरुस्त केलं नाही.

तिकीट काढलंय. परतीचंही काढलंय, तीन आठवड्यांनी. आईने फोनवर तारीख विचारली, मी यायची सांगितली, परतीची अजून सांगितलेली नाही.