लंडनच्या गल्लीतली बटणं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय हातानं घडवलेल्या घरगुती वस्तूंबद्दल. कप, वाडगे, बरण्या आणि बटणं. हो, बटणंसुद्धा. कारखान्यातली नव्हेत, तर एकेका कारागिरानं आपल्या छोट्या कामशाळेत घडवलेली आणि आपल्याच भट्टीत भाजलेली.

जपान आणि युरोप इथल्या कारागिरांनी गेल्या शंभर वर्षांत एकमेकांकडून भरभरून घेतलंय. 1920 साली बर्नार्ड लीच हे इंग्रज कुंभार जपानहून परतले, ते शोजी हमादा या तरुण मित्राला घेऊनच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट आइव्हज हे कोळ्यांचं गाव. तिथं या दोघांनी काम मांडलं आणि जपानी पद्धतीची, उतारावर पायरी-पायरीनं चढत जाणारी भट्टीही तिथं उभी राहिली. पुढे हमादा जपानला परतले, माशिको गावात स्थिरावले आणि त्यांनी भांड्यावर सही करणं सोडून दिलं. भांडं ओळखलं जावं ते हातात घेतल्यावर, असा त्यांचा आग्रह. मोठ्या थाळीवर ते पळीनं रंगाची धार सोडत आणि एका दमात नक्षी पुरी करत. पंधरा सेकंदांचं काम! कुणीतरी तसं विचारलंच, तर म्हणाले, पंधरा सेकंद आणि साठ वर्षं.

इथं एक बोलून घेते. आपल्याकडे चांगला कपसेट आला की तो शोकेसमध्ये जातो. पाहुणे आले तरी बाहेर निघत नाही, कारण फुटेल! मला हे अजिबात पटत नाही. हातानं घडवलेला कप रोज चहा प्यायला काढावा. फुटला तर फुटला. कुंभारानं तो चहासाठीच केलाय.

तर आता बटणं. ही गोष्ट मी कुणी ऐकणारं भेटलं की सांगते, आज तुम्ही भेटलात.

लुसी री या व्हिएन्नाच्या. जन्म 1902 चा, ज्यू कुटुंबातला. तिथल्या कलाशाळेत मातीकाम शिकल्या, 1937 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवलं. नाव होत होतं. आणि 1938 साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. लुसीबाईंना गाव सोडावं लागलं. त्या लंडनला आल्या. हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूज नावाची गल्ली आहे, जुन्या तबेल्यांची. तिथं खाली कामशाळा आणि वर राहायची जागा, असा संसार थाटला. व्हिएन्नात मिळवलेलं नाव लंडनमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यात युद्ध सुरू झालं. वाडगे कोण घेणार? पण कपड्यांना बटणं तर लागणारच. व्हिएन्नाहूनच आलेले फ्रिट्झ लाम्पल लंडनमध्ये काचेची बटणं बनवत होते. लुसीबाईंनी आधी त्यांच्यासाठी काम केलं, मग स्वतःच्या कामशाळेत चिनी मातीची बटणं काढायला सुरुवात केली. ओली माती प्लास्टरच्या साच्यात दाबायची, काढायची, सुकवायची, वर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकचकीत होणारा लेप, लावायचं आणि भाजायचं. काही बटणं गोल, काही फुलासारखी, काही पीळ घातलेल्या दोरीच्या गाठीसारखी. काहींवर सोनेरी चमक.

लंडनची मोठमोठी फॅशनगृहं आपल्या कापडाचा तुकडा पाठवत आणि रंग अगदी तोच हवा म्हणत. आपण ब्लाऊजपीसचा तुकडा घेऊन मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभ्या राहतो ना, अगदी तस्सं! फरक एवढाच, की इथं दुकानदाराकडे शंभर तागे तयार असतात, आणि लुसीबाईंना तो रंग भट्टीतून काढायचा असे. ग्लेझ लावताना दिसतो तो रंग वेगळा, भाजल्यावर निघतो तो वेगळा. तांबं घातलं तर हिरवा मिळतो, कोबाल्टनं निळा, मँगनीजनं तपकिरी. प्रमाण किंचित चुकलं की कापडाशी जुळत नाही. बटणामागून बटण भाजत त्या हे शिकल्या. पुढे त्यांच्या वाडग्यांवरचे जे गुलाबी, पिवळे, निळे रंग जगभर वाखाणले गेले, त्यांचा अभ्यास या बटणांवर झालेला आहे. पोटासाठी केलेल्या कामाला हलकं समजणारे कलावंत मला म्हणूनच आवडत नाहीत.

1946 साली कामाला माणूस हवा होता. हान्स कोपर नावाचा तरुण दारात आला. तोही निर्वासित, जर्मनीचा. शिल्पकार व्हायचं मनात होतं, मातीला कधी हात लावलेला नव्हता. लुसीबाईंनी त्याला ठेवून घेतलं, बटणांच्याच कामाला. तो चाक शिकला आणि पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या कुंभारांत गणला गेला. दोघांनी मिळून केलेल्या कप-बशांच्या तळाला दोन शिक्के दिसतात, एक तिचा, एक त्याचा. मधल्या काळात लीचसाहेबांनी लुसीबाईंना सांगितलं होतं, की तुमची भांडी फार पातळ होतात. त्यांनी जाड करूनही पाहिली. कोपर म्हणाले, तुमचं तुम्ही करा. आणि त्यांनी तेच केलं.

आता जपान. 1984 साली इस्से मियाके हे जपानी फॅशनकार लंडनमध्ये होते. पुस्तकाच्या दुकानात लुसीबाईंच्या कामावरचं पुस्तक त्यांनी चाळलं आणि थेट त्यांना भेटायला गेले. मियाके हिरोशिमाचे. जन्म 1938 चा, म्हणजे लुसीबाईंनी व्हिएन्ना सोडलं त्याच वर्षीचा. सात वर्षांचे असताना त्यांनी अणुबॉम्ब पाहिला. युद्धानं उखडलेल्या या दोघांची मैत्री जमली. 1989 साली मियाकेंनी टोकियो आणि ओसाकात लुसीबाईंच्या भांड्यांचं प्रदर्शन भरवलं, मांडणी तादाओ आंदो या वास्तुविशारदाची. आणि त्याच वर्षीच्या आपल्या हिवाळी कपड्यांना त्यांनी लावली ती बटणं! युद्धाच्या दिवसांत त्या गल्लीत भाजलेली. 1995 साली लुसीबाई गेल्या, तेव्हा आपली बटणं त्यांनी मियाकेंच्या नावे ठेवली होती.

वेळ संपत आली. हातानं केलेला कप घ्यायला जाल तेव्हा तो उलटा करून पाहा. तळाचं कडं हातावर फिरवा, खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे उठतील. कारागिराचा शिक्का शोधा. आतल्या ग्लेझमध्ये शिसं नाही ना, आंबट पदार्थ ठेवले तर चालतील का, हे त्याला सरळ विचारा. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी खूश होतो आणि मग भट्टीची गोष्टही सांगतो. ती पुरी ऐकून घ्या. नमस्कार.