लिली मार्लेन: दोन्ही फौजांचं एकच गाणं

[पडद्यावर: जुन्या ग्रामोफोनची फिरती तबकडी. अजून आवाज नाही.]

२ ऑगस्ट १९३९. बर्लिनच्या एका स्टुडिओत लाले आंडरसन नावाची गायिका एक गाणं ध्वनिमुद्रित करते. पहारा देणाऱ्या तरुण शिपायाचं गाणं. महिनाभरात जर्मनी पोलंडवर चढाई करतो आणि दुसरं महायुद्ध पेटतं. रेकॉर्ड बाजारात येते तीही पडेलच. खपल्या जेमतेम सातशे प्रती. पुढच्या काही वर्षांत हेच गाणं एकमेकांवर तोफा रोखलेल्या दोन फौजा गुणगुणणार आहेत, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

या गाण्याचे शब्द मात्र त्याआधीच्या महायुद्धातले. १९१५ साली हॅम्बुर्गच्या गोदीतल्या कामगाराचा मुलगा हान्स लाइप हा तरुण शिक्षक सैन्यात दाखल झाला होता. बर्लिनच्या छावणीत पहाऱ्यावर असताना, रशियाच्या आघाडीवर निघण्याच्या जरा आधी, त्याने ही कविता लिहिली. लाइपने पुढे सांगितलं, की लिली आणि मार्लेन या दोन वेगळ्या मुली होत्या. कवितेत त्यांची नावं एकत्र आली. कविता बावीस वर्षं त्याच्याजवळच राहिली. १९३७ साली आणखी दोन कडव्यांची भर घालून त्याने ती आपल्या संग्रहात छापली. पुढच्याच वर्षी नॉर्बर्ट शुल्त्झे या संगीतकाराने तिला चाल लावली.

कवितेत घडतं ते फार थोडं. छावणीच्या फाटकाशी दिव्याचा खांब. त्याखाली शिपाई आणि त्याची मैत्रीण इतके जवळ, की दोघांची सावली एकच दिसते. तेवढ्यात बिगुल. उशीर केला तर तीन दिवसांची शिक्षा. तो जातो. आणि मग त्याला एकच प्रश्न छळतो: माझं काही बरंवाईट झालं, तर त्या दिव्याखाली तुझ्यासोबत कोण उभं राहील?

[पडद्यावर: बेलग्रेड, १९४१. उद्ध्वस्त इमारती, रेडिओचा मनोरा.]

एप्रिल १९४१मध्ये जर्मन फौजांनी युगोस्लाव्हिया घेतला आणि बेलग्रेडचं रेडिओ केंद्र त्यांच्या हाती आलं. तिथून सैनिकांसाठी कार्यक्रम सुरू झाले. प्रक्षेपक दमदार होता, पण वाजवायला रेकॉर्ड नव्हत्या. केंद्र चालवणारे लेफ्टनंट कार्ल-हाइन्झ राइंटगेन यांच्याकडे व्हिएन्नाहून जुन्या, पडून राहिलेल्या रेकॉर्डचा साठा आला. त्यात ही एक होती. दुसरं फारसं काही नसल्यामुळे ती वारंवार वाजली. मग काही दिवस थांबवली, तर आघाडीवरून पत्रांचा ढीग आला: ते गाणं परत लावा.

तेव्हापासून रोज रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, प्रक्षेपण संपता संपता, ते ठरून वाजू लागलं.

बेलग्रेडच्या लहरी भूमध्य समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत पोचत होत्या. लिबियाच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलची फौज होती, आणि समोर ब्रिटिशांची आठवी आर्मी. रेडिओला सीमा कसली? रात्री लढाई थंडावली, की तीच लहर दोन्हीकडे पकडली जायची. जर्मन अक्षरही न समजणारे ब्रिटिश शिपाई चाल गुणगुणू लागले. रोमेललाही हे गाणं आवडायचं.

[ध्वनी: गाण्याच्या सुरुवातीचा बिगुल आणि पहिलं कडवं. मग आवाज हळूहळू कमी.]

हे इतकं का भिनलं? लाले आंडरसनला हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिने उलट विचारलं होतं: वाऱ्याला सांगता येतं का, आपलं वादळ का झालं ते?

उत्तर सुंदर आहे, पण मला त्यावर थांबवत नाही. नीट ऐकलं की काही गोष्टी हाताला लागतात. सुरुवातीचा बिगुल शिपायाच्या रोजच्या कानावरचा, छावणीत परत बोलावणारा. लय कवायतीची, पावलं टाकता येतील अशी, पण गळा संथ आणि थोडा खर्जातला. शब्द पुरुषाचे, आवाज बाईचा; म्हणजे शिपायाची व्यथा तो जिची वाट बघतोय तिच्याच तोंडून त्याला ऐकू येते. शिवाय प्रत्येक कडवं त्याच नावावर येऊन टेकतं. भाषा येत नसली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत नाव ओठांवर येतंच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या गाण्यात शत्रू नाही. देश नाही, झेंडा नाही, विजयाची घोषणा नाही. ऐकणाऱ्याने कुठला गणवेश घातलाय, हे गाणं विचारतच नाही.

सत्ताधाऱ्यांना नेमकं हेच खुपलं. प्रचारमंत्री गोबेल्सला हे गाणं रडवं, मरणाची छाया असलेलं वाटायचं. त्याला सैनिकांच्या रक्तात जोश भरणारी गाणी हवी होती. त्यातच १९४२मध्ये लालेचा झुरिकमधल्या ज्यू मित्रांशी पत्रव्यवहार उघडकीस आला. तिला गाण्याची बंदी झाली. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला, त्यातून ती वाचली. पुढे बंदी सैल झाली ती एका अटीवर: ‘लिली मार्लेन’ म्हणायचं नाही. ज्या आवाजाने ते गाणं फौजेच्या हृदयात पोचवलं, त्याच आवाजाला ते वर्ज्य!

ब्रिटिशांपुढे वेगळीच अडचण होती. आपली पोरं शत्रूच्या भाषेतलं गाणं गातात, हे कसं चालायचं? मग टॉमी कॉनरने इंग्रजी शब्द लिहिले आणि १९४४मध्ये अ‍ॅन शेल्टनने ते गायलं. त्याआधी, १९४३मध्ये, बीबीसीच्या जर्मन सेवेवर लूसी मानहाइम या ज्यू अभिनेत्रीने, जिला बर्लिन सोडून लंडनला यावं लागलं होतं, त्याच चालीवर वेगळे शब्द गायले. त्यात दिव्याच्या खांबाला हिटलरला लटकवायची मागणी होती. मूळची बर्लिनची आणि तोवर अमेरिकन नागरिक झालेली अभिनेत्री-गायिका मार्लेन डीट्रिश अमेरिकन सैनिकांसमोर हेच गाणं गात फिरत होती.

[पडद्यावर: इटलीतले डोंगर, चिखलात रुतलेल्या गाड्या.]

या चालीवरचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं गाणं मात्र इटलीतल्या शिपायांनी स्वतः रचलं. जून १९४४मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि सगळं लक्ष तिकडे गेलं. इटलीत लढणारे खरी लढाई चुकवून मजा मारताहेत, असं मायदेशी कुणी बोलल्याचं आठव्या आर्मीच्या कानावर आलं. त्यांनी ‘लिली मार्लेन’च्या चालीवर कडवट उपरोधाचं गाणं केलं. शेवटच्या कडव्यात उपरोध गळून पडतो, आणि चिखलपावसातल्या डोंगरावर विखुरलेले क्रूस दिसू लागतात. काहींवर तर नावही नाही.

त्याच आठव्या आर्मीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. तुकडीतले सगळे सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती गप्प केली आणि तिथेच गोळ्या लागून कोसळले. वय बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. त्यांची कबर नाही. नाव इटलीतल्या कसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. त्या कडव्यातले शब्द इथवर येऊन भिडतात.

[पडद्यावर: युद्धानंतरची छायाचित्रं.]

युद्ध संपलं तरी गाण्याचा हिशेब मिटला नाही. पॅरिसमध्ये जर्मन ताब्याच्या काळात ते फ्रेंचमध्ये गाणाऱ्या सुझी सोलिडोरवर शत्रूला साथ दिल्याचा ठपका बसला. १९६०मध्ये मार्लेन डीट्रिश जर्मनीत गायला आली, तेव्हा तिला ‘परत जा’चे फलक दिसले, शत्रूच्या बाजूने गेलेली बाई म्हणून. संगीतकार शुल्त्झेने युद्धात इंग्लंडवर बॉम्ब टाकायचं गाणंही रचलं होतं, वरून आलेल्या मागणीनुसार. ते आज कुणी हौसेने गात नाही. ‘लिली मार्लेन’ मात्र कितीतरी भाषांत पुन्हा पुन्हा गायलं गेलं.

आणि लाले? युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. १९६१मध्ये कान शहरात झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत जर्मनीने तिला पाठवलं, तेव्हा ती ५५ वर्षांची होती. १९७२मध्ये व्हिएन्नात तिचं निधन झालं. उत्तर समुद्रातल्या लांगेओग या तिच्या आवडत्या बेटावर तिची समाधी आहे, आणि बेटावरच तिचा पुतळाही आहे.