एका रात्रीचे लेणे आणि वेणुवासाचा मुलगा

स्नेहीजनहो, लोणावळ्याची लोकल धरून मळवलीला उतरलेल्या आणि कार्ल्याच्या पायऱ्या चढलेल्या पुणेकरांना त्या डोंगराचे वर्णन मी काय सांगावे! आजचा विषय तिथल्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेख हा आहे. पण त्याआधी मनातला एक सल सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका सहलीबरोबर तिथे गेलो होतो. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनामंडपाच्या, दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. देवीची ओटी भरून आलेली एक कोळी आजी नातीला सांगत होती, की वनवासात पांडव इथे आले, देवीने एका रात्रीत देऊळ उभारायला सांगितले, ते त्यांनी उजाडायच्या आत पुरे केले आणि अज्ञातवासात तुम्ही कुणाला ओळखू येणार नाही, असा वर तिने दिला. आमचे मार्गदर्शक मध्येच म्हणाले, "आजी, हे खोटं आहे. हे बौद्ध लेणं आहे." आजी गप्प झाली आणि आमची मंडळी पुढे सरकली.

लेणे बौद्धांचे आहे, यात शंका नाही. मला लागले ते हे, की तिची गोष्ट काढून घेतल्यावर तिच्या हाती दुसरे काहीच दिले गेले नाही. सुमारे ४५ मीटर लांबीचा अखंड कातळातला हा सभामंडप, त्यातले ३७ खांब आणि छताला आजही असलेल्या मूळ लाकडी फासळ्या पाहून 'हे कुणी केले?' असा प्रश्न गावाला पडणारच होता. उत्तर भिंतीवरच कोरलेले होते; पण ते ज्या प्राचीन ब्राह्मी लिपीत आहे ती विस्मरणात गेली होती, आणि १८३७ च्या सुमारास इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने ती उलगडेपर्यंत कितीतरी शतके लोकांनी त्या जागी पांडवांना ठेवले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांनाही आपण पांडवलेणीच म्हणतो. या कथेत अज्ञानापेक्षा आदर अधिक आहे, असे मी मानतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे शिलालेखांत काय आहे ते थोडक्यात सांगतो. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, भूतपाल या शैलगृहाला जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, उत्तम म्हणतो. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी ही पदवी असलेल्या अग्निमित्रणकाचे दान आहे. आतल्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे आहेत. दर्शनी दाराचे दान गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या, सिंहदत्ताचे. आणि दाराचे काम आपण केले, असे सांगणारा सुतार आहे वेणुवासाचा मुलगा सामी.

ही शेवटची ओळ मी त्या दिवशी मागे फिरून नातीला वाचून दाखवली. आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला, अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "म्हंजे पांडवांच्या हाताखाली हा सुतार व्हता व्हय?" मी हो किंवा नाही म्हणालो नाही, सामीचे नाव तेवढे पुन्हा एकदा वाचले, आणि या खेपेला नातीने ते माझ्यामागून म्हटले.