डिस्क बेंड झालीय म्हणे!

(दृश्य: तुळजापूरचा घाट उतरणारी छोटी गाडी. टपावर बांधलेली चटई, काचेला कुंकवाचं बोट.)

निवेदन:
देवीचं दर्शन घेऊन सोलापूरकडे परतायचं, तर घाट उतरावाच लागतो. घाट तसा लहान. पण गाडी माणसांनी भरलेली, गिअर चौथा, आणि पाय ब्रेकवर ठेवला तो ठेवलाच. खाली चहाची टपरी दिसते, कचकन ब्रेक, गाडी उभी. पाय मात्र तसाच दाबलेला.

महिनाभराने हैदराबाद रोडला ८० च्या स्पीडला ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं.

(दृश्य: अक्कलकोट रोडवरचं गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी.)

"अण्णा, डिस्क बेंड झालीय म्हणे." गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण निदान घरूनच करून आणतो.

मिस्त्री काही बोलत नाही. चाक काढतो, डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, नटांनी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर आवळतो, तिच्या तोंडाला वाकडेपणा मोजणारं डायल लावतो आणि डिस्क हाताने हळू फिरवतो. काटा हलतो, परत येतो. एका फेऱ्यात ०.१५ मिलिमीटर. बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१ च्या पुढे चालत नाही.

मग ही वाकडी झाली कशी? खरं तर ती झालीच नाही. मिस्त्री डिस्क उतरवतो आणि तिच्या मागचा हब दाखवतो.

(दृश्य: हबचा क्लोजअप. तांबूस गंजाचे पापुद्रे.)

गंजाचा हा पापुद्रा नखाने निघतो. पण त्याच्यावर डिस्क बसवली की ती तिरकी बसते. त्यात भर पंक्चरवाल्याच्या गनची. एक नट गच्च, शेजारचा त्याहून गच्च, आणि चाकासोबत डिस्कही ओढली जाते. तिरकी डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला, म्हणजे ब्रेक मारल्यावर तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तुकड्याला घासते, ब्रेक न मारताही. ती जागा कणाकणाने झिजते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे केसापेक्षाही कमी फरक पडला, की ब्रेकचं पेडल पायाखाली उसळ्या मारतं. याला हजारो किलोमीटर जातात, म्हणून पंक्चरवाल्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

दुसरं कारण आपण टपरीपाशी पाहिलं. पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा भाग, डिस्कवर पातळ थर सोडतो, तो सोडायलाच हवा. पण तापलेलं पॅड उभ्या डिस्कवर एकाच जागी दाबून धरलं, तर कपड्यावर इस्त्री विसरावी तसा ठसा उमटतो. तेवढ्याच जागी पुढे पकड जास्त, ताप जास्त. ताप साडेसहाशे-सातशे अंशांच्या पुढे गेला तर तिथल्या बिडाची जातच बदलते. असा कडक डाग लेथवर वरवर सोलला तरी खाली शिल्लक राहतो.

(दृश्य: टपरीवर उकळणारा चहा.)

किती ताप? माणसांसकट १२०० किलोची गाडी ८० वरून एकदा थांबवली, की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात लिटरभर पाणी उकळीला येईल. एका दाबात! आणि घाटात आपण किती वेळा दाबतो.

आता पॅड. मिस्त्री दोन्ही हातावर ठेवतो.

(दृश्य: तळहातावर दोन पॅड. एक जाड, दुसरं झिजून तडकलेलं.)

एकाच चाकाची ही जोडी. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या ग्रीस वाळून जाम झाल्या. आतलं पॅड एकटंच राबलं. ताप सोसवेना, मसाला बांधून ठेवणारं राळ जळलं, वरून काचेसारखी चकाकी आली आणि मग तडा गेला. मधली सरळ खाच मात्र कंपनीनेच ठेवलेली असते, तिला तडा समजून पॅड फेकू नका. कधी पाठीमागच्या पत्र्याला गंज चढतो आणि मसालाच उचलून टाकतो. कधी नवं पॅड बसत नाही म्हणून हातोडीने बसवलेलं असतं. बाजारातल्या नकली पॅडबद्दल मिस्त्री जे बोलला ते इथे ऐकवता येणार नाही.

आणि घाटातून आल्या आल्या गाडी धुणारे! नळाला रोज पाणी नसलेल्या गावात तापल्या चाकावर बादली ओतायला कसं सुचतं, देव जाणे.

"ए बारक्या, हब नीट घास की बे!"

(दृश्य: तारेचा ब्रश, चकचकीत होत जाणारा हब.)

डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. ही अजून त्याच्या वर आहे, म्हणून हलकी सोलली, नवी टाकली नाही. पिना सोडवून ब्रेकचंच ग्रीस. डिस्क बसवून पुन्हा डायल. काटा आता ०.०३. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्ह्याने. पान्हा 'कट्' म्हणाला की हात थांबला.

(दृश्य: मोकळा रस्ता. मिस्त्री शेजारच्या सीटवर.)

नवी पॅड मुरवायची. ६० वरून १० पर्यंत, पुरतं न थांबता, आठ-दहा वेळा. मध्ये थोडं मोकळं पळवायचं, वारा लागू द्यायचा. स्टेअरिंग गप्प आहे.

परत येताना आसरा चौकात सिग्नल लागतो. गाडी थांबते. मिस्त्री समोर बघतच सांगतो, "मालक, पाय उचला. हँडब्रेक लावा."