डॉग्मा: ‘असं वाटलं’ ते ‘सक्त मनाई’

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत ‘डॉग्मा: अर्थ आणि उगम’ असा भारदस्त विषय छापलाय. मराठीत कुणी मताग्रह म्हणतं, कुणी धर्मसिद्धांत. माझी सूचना वेगळी आहे, पण ती सांगायला तुम्हाला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर न्यावं लागेल.

गच्चीच्या दाराशी पत्र्याची पाटी आहे: ‘वाळवण घालण्यास सक्त मनाई. हुकमावरून.’ आईनं एका एप्रिलमध्ये तिकडे दुर्लक्ष करून साडीवर कुरडया घातल्या. तासाभरात सेक्रेटरी वर हजर. मग आम्ही मायलेक ओल्या कुरडयांसकट साडीचे चार कोपरे धरून जिना उतरलो. घरी पोचेपर्यंत कुरडया राहिल्या नव्हत्या, एकच गोळा होता. तो आईनं तीन दिवस ओट्यावर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

मी कारण विचारत फिरलो. सेक्रेटरी म्हणाले, नियम आहे. खजिनदार म्हणाले, पहिल्यापासून आहे. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, उंदीर होतात. तळमजल्यावरचे म्हणाले, आगीचा धोका. कुरडयांनी आग! हसताय, पण ते गंभीर होते. शेवटी इतिवृत्ताची जुनी वही मिळाली. 1998 चा ठराव: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले असल्याने पुढील दोन महिने वाळवण घालू नये असे सभेस वाटते.’ दोन महिने! पेंटरला पाटीवर जागा पुरली नसावी.

‘असे सभेस वाटते.’ इथेच थांबू या. ग्रीकमध्ये ‘डोकेइन’ म्हणजे वाटणं. ‘डोकेइ मोइ’, मला वाटतं. जे वाटलं, तो डॉग्मा. अथेन्सच्या शिलालेखांत ठरावाचा मजकूर ‘एडॉक्से’नं सुरू होतो: मंडळाला आणि लोकांना असं वाटलं. म्हणून माझा मराठी शब्द साधा आहे: ठराव. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात रोमन सम्राट औगुस्त कैसर नावनिशी लिहून घेण्याची आज्ञा काढतो, ती मूळ ग्रीकमध्ये डॉग्माच. पुढे येरुशलेमेत पहिल्या ख्रिस्ती लोकांत वाद झाला, ख्रिस्ती होणाऱ्या पण यहुदी नसलेल्यांनी सुंता करायची की नाही? ‘नाही’ असं ठरलं, आणि पत्रात काय लिहिलं? पवित्र आत्म्याला आणि आम्हाला असं वाटलं. सभेत पवित्र आत्मा असला की कोरमचा प्रश्न येत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. गच्चीवर फार वेळ गेला.

तर, तत्त्वज्ञांत डॉग्मा म्हणजे त्या-त्या पंथाचं मत. सत्य सापडलंच असं म्हणणाऱ्यांना संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकस ‘डॉग्माटिक’ म्हणतो, म्हणजे शब्दाला टोमण्याची धार जुनीच. चर्चमध्ये डॉग्मा म्हणजे ईश्वरानं प्रकट केलेलं आणि चर्चनं तसं जाहीर केलेलं सत्य. पण जाहीर करण्याला तारखा आहेत: पोपच्या अचूकतेचा डॉग्मा 1870 चा, मरियेच्या स्वर्गारोहणाचा 1950 चा. श्रद्धा जुनी, ठराव नवा. तत्त्वज्ञ कांट राहू द्या, त्याच्याआधीच्या ह्यूमनं त्याला डॉग्माच्या झोपेतून जागं केलं एवढंच.

शेवटचं. 1957 मध्ये जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकनं ‘सेंट्रल डॉग्मा’ मांडला: जनुकांतली माहिती एकदा प्रथिनात गेली की परत बाहेर येत नाही. जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात हा शब्द आहे. ज्यावर श्रद्धावानाला शंकाच घेता येत नाही तो डॉग्मा, हे क्रिकला नंतर फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनोनं सांगितलं. क्रिकला म्हणायचं होतं, पुरेसा पुरावा नसलेली कल्पना. थोडक्यात, मला असं वाटतं.

दुसरी चिठ्ठी. अध्यक्षमहाराज, ठराव झालेला दिसतोय. बसतो.